भोईर मॅडमना लीडर करण्यात आलं

मीटिंग सुरू व्हायच्या आधी भोईर मॅडम दोन्ही हात कमरेवर ठेवून, पाय फाकवून, छाती पुढे काढून दोन मिनिटं नुसत्या उभ्या राहायच्या. बोलायच्या काही नाहीत. आम्ही चौदा जण खुर्च्यांवर, आणि समोर चार फूट अकरा इंचांच्या, कडक इस्त्रीची सुती साडी नेसलेल्या मॅडम, भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर लावून उभ्या. मोबाइलवर टायमर लावलेला असायचा. तो वाजला की हात खाली यायचे, मॅडम बसायच्या आणि म्हणायच्या, "हां. आता बोला."

पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, कंबर धरली असेल. दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारी बसणारा प्रथमेश हळूच म्हणाला, "कोणीतरी वीट आणा रे."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे या हकिगतीत माझा जो भाग आहे तो तिथून सुरू होतो.

आमचं ऑफिस महापेला. जहाजांनी जो माल जातो-येतो त्याचे कागद आमच्याकडे येतात. कंटेनरमध्ये काय आहे, कुठे चढलं, कुठे उतरणार, वजन किती, आणि चार कागदांवर लिहिलेलं एकमेकांशी जुळतं का, एवढंच बघायचं. जहाज आम्ही कोणी पाहिलेलं नाही. काम कंटाळवाणं, पण एका बंदराचं नाव चुकलं तर कोणाची तरी द्राक्षं भलत्याच धक्क्यावर सडत पडतात.

भोईर मॅडम आधी मॅडम नव्हत्या. सुनंदाताई होत्या. एकवीस वर्षं त्याच मजल्यावर, खिडकीकडून तिसऱ्या टेबलाला. आम्ही कोणी ऐरोलीहून, कोणी कळव्याहून कंपनीच्या बसनं यायचो; त्या एकट्या चालत यायच्या, कारण त्या महापे गावातल्याच. ऑफिसच्या पार्किंगमध्ये एक खांब आहे. एकदा त्याला हात लावून मला म्हणाल्या, "हितं आमची चिंच होती. शेत पार त्या गेटपर्यंत." त्यात हळहळ अजिबात नव्हती. रस्ता विचारणाऱ्याला बसस्टॉप दाखवावा तसं सांगितलं.

ताईंचं एक ठरलेलं वाक्य होतं, "चालेल, मी करते." कोणी रजेवर गेलं, कोणाचं काम उरलं, कोणाला बस पकडायची आहे, की हे वाक्य यायचंच. त्यामुळे आमच्या टीममध्ये काम उरणं ही गोष्टच नव्हती. ते सगळं तिसऱ्या टेबलावर जाऊन संपायचं.

मी लागलो त्या पहिल्याच आठवड्यात एका कागदावर भलत्याच बंदराचं नाव मंजूर केलं. वरून फोनावर फोन. मी चिपळूणहून नुकता आलेला, नोकरी गेली असं धरून चाललो होतो. ताई उठल्या, सेंटरचे प्रमुख विक्रम सर यांच्या केबिनमध्ये गेल्या आणि म्हणाल्या, "तो कागद मीच बघितला होता सर. माझं लक्ष नव्हतं." तो कागद आला त्या दिवशी त्या रजेवर होत्या. विक्रम सरांच्याही हे ध्यानात आलं असणार, पण ताईंना ओरडायचं कसं हे त्यांना माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं.

आणि डबा. चार पुडांचा, बादलीएवढा. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, सुक्या बोंबलाची चटणी. दीड वाजला की ताई डबा मधल्या टेबलावर उघडायच्या आणि प्रत्येकाला विचारायच्या, "बाळा, जेवलास?" पन्नाशीच्या अकाउंटंटलाही बाळा आणि पाणी भरणाऱ्यालाही बाळा. एकदा मनिलाच्या ऑफिसमधला एक साहेब फोनवर तावातावानं भांडत होता. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "सर, यू एट?" तो मग म्हणाला, नाही, सकाळपासून काही खाल्लं नाही. ताई म्हणाल्या, "फर्स्ट ईट. देन फाइट." त्या माणसानं नंतर कधी भांडण काढलं नाही.

तर अशा बाईला लीडर करण्यात आलं.

झालं असं की आमचा जुना टीम लीडर पुण्याला गेला आणि त्याच महिन्यात मोठ्या ऑफिसकडून पत्र आलं. आशियातल्या नव्या नेतृत्वासाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम. खालून वर आलेल्यांना प्राधान्य, स्त्रियांना त्याहून जास्त. विक्रम सरांनी मजल्यावर नजर फिरवली. खालून वर म्हणजे सुनंदाताईच; त्या तर जमिनीसकट तिथल्या. सरांनी नाव पाठवलं, फोटो पाठवला, आणि ताईंना बोलावून सांगितलं. ताई म्हणाल्या, "चालेल, मी करते."

अभ्यासक्रम दर बुधवारी दोन तास, पडद्यावर. ढाका, कोलंबो, मनिला, सगळीकडचे नवे लीडर छोट्या छोट्या चौकोनांत बसलेले, आणि सिंगापूरहून एक कोच. आमच्या मजल्याच्या मधोमध काचेची मीटिंगरूम आहे, ती ताईंना देण्यात आली. आतला आवाज बाहेर येत नाही, पण दिसतं सगळं.

पहिल्या बुधवारी ताई बाहेर आल्या त्या एखाद्या मोठ्या डॉक्टरनं आजार ओळखल्यासारख्या. म्हणाल्या, "कोच बोलले, आपल्या लोकांना खाली बघायची सवय हाय. पिढ्यान् पिढ्या. त्याच्यामुळं आपन वर जात नाय. ही सवय मोडायला लागनार."

"कशी?" मी विचारलं.

"गृहपाठ देनार हायत."

कमरेवर हात हा पहिला गृहपाठ. त्यानं म्हणे माणसाच्या अंगात अधिकार उतरतो. दुसरा गृहपाठ, 'सॉरी' म्हणायचं नाही. त्यासाठी मनगटाला रबरबँड. तोंडातून सॉरी निघालं की रबरबँड ताणून सोडायचा. ताईंना दिवसाला साठ वेळा तरी सॉरी म्हणायची सवय. लिफ्टमध्ये कोणाचा तरी धक्का लागला की त्याच म्हणायच्या, "सॉरी." लगेच फट्ट. तो माणूस दचकायचा. त्याला दचकवलं म्हणून परत, "सॉरी." परत फट्ट. पाचव्या मजल्यापर्यंत येईतो मनगट लाल. पंधरा दिवसांनी त्यांनी रबरबँड डाव्या हातातून उजव्या हातात घातला. म्हणाल्या, डाव्याला जरा आराम.

मग हाक. कोच म्हणाले, तुम्ही टीमची आई होऊ नका. 'बाळा' बंद. तुम्ही त्यांना नावानं हाक मारा, त्यांनी तुम्हाला नावानं हाक मारली पाहिजे. ताईंनी आम्हाला तसं सांगितलं. पण आमच्यापैकी एकाच्याही तोंडातून 'सुनंदा' निघेना. दोन दिवस आम्ही त्यांना काहीच हाक मारली नाही, नुसतं जवळ जाऊन उभे राहायचो. शेवटी तडजोड म्हणून 'भोईर मॅडम' ठरलं. त्यांना ते आवडलं नसावं, पण नावडल्याचं दाखवायचं नाही हाही एक गृहपाठ होता.

मग ते वाक्य. "धिस इज नॉट अ रिक्वेस्ट." दिवसातून पाच वेळा वापरायचं. मॅडमना ते कुठे वापरावं कळायचं नाही, म्हणून त्या ते उरकून टाकायच्या. कँटीनवाल्याला म्हणायच्या, "दादा, अर्धा कप चहा देता का? धिस इज नॉट अ रिक्वेस्ट." तो विचारायचा, "साखर घालू की नको?"

फीडबॅक द्यायचीही पद्धत होती. आधी एक चांगली गोष्ट, मधे वाईट गोष्ट, शेवटी परत चांगली. प्रथमेशला लीडरच्या केबिनमध्ये बोलावून मॅडमनी तो दिला. "प्रथमेश, तू वेळेवर येतोस. तुझे निम्मे कागद चुकलेले असतात. तुझा शर्ट छान हाय." प्रथमेशनं बाहेर येऊन त्याची नक्कल केली, आणि पुढे महिनाभर आम्ही एकमेकांना भेटलो की शर्टाची तारीफ करायचो.

एका बुधवारी काचेच्या खोलीत आवाजाचे व्यायाम चालू होते. पोटातून आवाज काढायचा, गर्जना करायची. आम्हाला बाहेरून ऐकू काही येत नव्हतं. नुसत्या मॅडम दिसत होत्या, डोळे घट्ट मिटून, मुठी वळून, तोंड वासून. मासा पाण्याबाहेर काढल्यावर करतो तसं. मग डोळे उघडून पडद्याकडे बघायच्या, मान डोलवायच्या आणि परत तेच. प्रथमेशनं मोबाइलवर ते शूट केलं आणि मॅडम नसलेल्या आमच्या ग्रुपवर टाकलं. मी त्याच्याखाली हसणाऱ्या तोंडाची तीन चित्रं टाकली. अजून आहेत ती. ग्रुप आहे, चित्रंही आहेत.

डबा कधी बंद झाला ते मला नक्की आठवतं, कारण त्या दिवशी सोमवार होता आणि मी काही आणलं नव्हतं. दीड वाजला, आणि मधल्या टेबलावर काहीच आलं नाही. मॅडमच्या केबिनचं दार बंद होतं. कोचनी विचारलं होतं, ऑफिसात कोण कोणासाठी खायला आणतं? मॅडमनी अभिमानानं हात वर केला होता. कोच म्हणाले, जो भरवतो त्याला कोणी मानत नाही. दार लावून घ्या. लोकांना दार वाजवायची सवय लागू दे.

आम्ही दार वाजवलं नाही. कशाला वाजवायचं? खाली वडापाव मिळत होता. दाराच्या काचेतून मॅडमची पाठ दिसायची, भिंतीकडे तोंड करून जेवणारी. डबा मात्र त्या चार पुडांचाच आणत राहिल्या. हाताला माप बसलेलं होतं. उरलेलं संध्याकाळी गेटवरच्या वॉचमनला देऊन जायच्या.

हळूहळू गंमत आटली आणि राग उरला. माणूस बदलला की आपण त्याचं कारण शोधत नाही, आपल्याला काय मिळेनासं झालं ते मोजतो. आता उरलेलं काम तिसऱ्या टेबलावर जाईना. बस पकडायची असली तरी कागद संपवूनच निघावं लागे. "ताई पार बदलली," लोक म्हणू लागले. "डोक्यात गेलं पद." मीही म्हणायचो.

मग माझ्या बहिणीचा साखरपुडा ठरला. चिपळूणला, गुरुवारी. मला गुरुवार-शुक्रवार रजा हवी होती. काम फार नव्हतं. मी केबिनचं दार वाजवलं आणि सांगितलं.

मॅडम उठल्या. कमरेवर हात ठेवले. टायमर लावला. मी टेबलासमोर उभा, त्या टेबलामागे उभ्या, दोघंही गप्प. दोन मिनिटं फार असतात. टायमर वाजल्यावर त्या म्हणाल्या, "नाही, केदार. जमनार नाय."

"ताई, साखरपुडा आहे. एकुलती एक बहीण."

"आय हिअर यू," मॅडम म्हणाल्या.

"मग?"

"नाही."

त्यांचा हात मनगटाकडे गेला आणि थांबला. मला ते नाटक वाटलं. मी दार आपटून बाहेर आलो.

गुरुवारी ऑफिसात काडीचं काम नव्हतं. मी जिन्यात उभं राहून व्हिडिओ कॉलवर साखरपुडा बघितला. आमच्या काकांनी फोन धरला होता आणि काकांना सगळ्यांशी बोलायचं होतं, त्यामुळे मला मंडपाचं कापड दिसलं, पंखा दिसला, कोणाचा तरी कोपर दिसला. अंगठी घालायच्या वेळी नेटवर्क गेलं. परत आलं तेव्हा लोक पानावर बसले होते. जिन्यातून वर आलो तर मॅडम केबिनच्या दारात उभ्या होत्या. काहीतरी विचारणार होत्या. मी न बघितल्यासारखं केलं आणि पुढे गेलो.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी सगळ्यांना मेल आली. अभ्यासक्रमाचा शेवटचा भाग. लीडरबद्दल त्याच्या माणसांनी लिहायचं. नाव कळणार नाही, मोकळेपणानं लिहा. दहा प्रश्न आणि खाली एक रिकामी चौकट.

"आज दिवाळी," प्रथमेश म्हणाला.

बाकीच्यांनी दोन-चार शब्द लिहिले. मी अर्धा तास लिहीत होतो. माझं इंग्लिश चांगलं आहे. एरवी त्याचा जहाजांच्या कागदांत काही उपयोग नसतो. त्या दिवशी झाला. एक शब्द खोडून त्याहून धारदार शब्द घातला, वाक्य फिरवून बघितलं, परत वाचलं. खरं सांगायचं तर मजा आली. पाठवल्यावर मी खाली जाऊन चहा प्यायलो आणि मला गाढ झोपून उठल्यासारखं वाटलं.

अहवाल वाचून दाखवायला विक्रम सर काचेच्या खोलीत बसले, कोच पडद्यावर. दीड तास. मॅडम वहीत लिहून घेत होत्या. मान खाली घालून नाही, गृहपाठाप्रमाणे ताठ बसून. आम्ही बाहेर काम करत असल्यासारखे बसलो होतो. शेवटी त्या बाहेर आल्या, आमच्यासमोर उभ्या राहिल्या. या वेळी टायमर लावला नाही.

"तुमी सगळ्यांनी मोकळेपनानं लिहिलात," त्या म्हणाल्या. "थँक यू. फीडबॅक म्हंजे भेट असते." आणि केबिनमध्ये गेल्या.

एकानंही मान वर केली नाही. प्रथमेशनंसुद्धा.

पुढच्या आठवड्यात निकाल आला. भोईर मॅडम 'अजून तयार नाहीत' या गटात. त्यांनी परत जुन्या टेबलावर बसावं. टीम लीडर म्हणून माझं नाव. विक्रम सर मला म्हणाले, "तुझं कम्युनिकेशन चांगलं आहे." मी नाही म्हणू शकलो असतो. चार दिवस वेळ होता. मी आईला फोन केला, आई रडली, पेढे वाटले म्हणाली, आणि मग नाही म्हणायचं राहूनच गेलं.

मॅडमनी आठच दिवसांत राजीनामा दिला. घरी काम आहे, एवढंच कारण. शेवटच्या दिवशी प्रत्येकाच्या टेबलाशी आल्या. केक आणायचा होता, पण त्यासाठी तीन दिवस आधी कळवावं लागतं आणि कोणी कळवलं नव्हतं. त्या पाच वाजता पायऱ्या उतरून गेल्या. मी खिडकीतून बघितलं. पार्किंगमधून चालत, नेहमीच्या गेटनं.

महिन्याभरानं मोठ्या ऑफिसकडून विचारणा झाली की भोईर यांच्याकडे लॅपटॉपची बॅग आणि एक ओळखपत्र राहिलंय, ते जमा करून घ्या. मी फोन केला तर म्हणाल्या, "ये ना. आनून द्यायला मलाच यायचं होतं, पन पाय निघत नाय."

ऑफिसपासून बारा मिनिटं. इतकी वर्षं मी त्या बाजूला कधी वळलो नव्हतो. गल्लीत चारमजली इमारती, भाडेकरूंचे कपडे वाळत घातलेले, खाली मोटारसायकलींची रांग. मॅडमच्या भावाची इमारत; तळमजल्याची मागची खोली त्यांची. भाऊ-भावजय वर राहतात. दार उघडंच होतं. आत एक पलंग, एक ओटा, आणि कोपऱ्यात पाट मांडून ठेवलेला, एकच.

"आलास? चप्पल आत काढ, कुत्री नेतात," त्या म्हणाल्या. बॅग आणि कार्ड पलंगावर तयार होतं, बॅग धुऊन वाळवलेली. मी ते घेतलं. निघता आलं असतं. त्यांनी तवा ठेवला.

"कोच कसे हायत?" त्यांनी विचारलं. "तुला पन गृहपाठ देतात?"

"देतात."

"करतोस ना? नीट कर. मना नाय जमलं, तुला जमंल. तू शिकलेला हायस." घरी त्यांची भाषा जरा मोकळी होती. पीठ मळता मळता म्हणाल्या, "तुला एक सांगायचं राह्यलं. तुझ्या बहिनीच्या साखरपुड्याचं."

मी म्हणालो, जाऊ द्या ते.

"नाय, ऐक. त्या आठवड्याला गृहपाठ होता, ज्याला नाही म्हनायला तुमाला सगळ्यात जड जातं, त्याला नाही म्हना. कोच बोलले, घरातला कोन असला तरी चालंल. मी दोन दिवस विचार केला. भावाला मी कशाला नाही म्हनू, तो काय मागतच नाय. आई-बाबा गेले. मैत्रीन म्हनावी अशी कोन नाय. म्हंजे तूच राह्यलास." भाकरी थापायची थांबून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुझ्या जागी दुसरा कोन असता तर तुला जायला भेटलं असतं."

मी बॅगेची चेन उघडली आणि लावली.

भाकरी तव्यावर टाकून त्यांनी हात पुसले आणि पलंगाच्या गादीखालून कागद काढले. अहवाल. प्रिंट काढून घेतलेला. ओळींच्या वरती पेन्सिलनं, बारीक अक्षरात, इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ लिहिले होते. शेजारी शाळेतल्या मुलांची छोटी डिक्शनरी, कव्हर घातलेली.

"एवढे शब्द मना येत नव्हते," त्या म्हणाल्या. "एकवीस वर्सं इंग्लिशच वाचलं, पन जहाजाच्या कागदांत असे शब्द येत नायत." त्या बोट ठेवून एकेक दाखवू लागल्या, अभ्यास तपासून घ्यावा तशा. "ह्यो रोबोटिक. यंत्रासारखी. बरोबर. ह्यो फेक, तो तर येतोच. आनि हितं लिवलंय टोन-डेफ. डेफ म्हंजे बहिरी. मना पटलं नाय, पन मी वाशीला जाऊन कान तपासून आले. डॉक्टर बोलला, कान चांगले हायत."

टोन-डेफ म्हणजे दुसऱ्याच्या मनाचा अंदाज नसलेली. ते प्रथमेशचं होतं. त्यानं मला पाठवायच्या आधी दाखवलं होतं.

"सगळ्या कागदात चांगला शब्द एकच हाय," मॅडम म्हणाल्या. त्यांनी दुसरं पान उलटलं आणि सगळ्यांत लांब परिच्छेदावर बोट ठेवलं. मी तो लांबूनच ओळखला. स्वतःचं अक्षर नसलं तरी स्वतःचं वाक्य ओळखू येतं. "ह्यो. पेट्रनायझिंग."

खोडून, शोधून घातलेला शब्द तोच. समोरच्याला लहान समजून, त्याच्यावर उपकार केल्यासारखं वागणारी, अशा अर्थानं मी तो घातला होता.

"डिक्शनरीत बघ," असं म्हणून त्यांनी पान उघडून माझ्यापुढे धरलं. छोटी डिक्शनरी, एका शब्दाला एक अर्थ. आश्रय देणे. "आश्रय देनारी. म्हंजे सांभाळून घेनारी. ना?"

तव्यावरची भाकरी फुगली होती. त्यांनी ती उलटली आणि माझ्या उत्तराची वाट बघत बसल्या.

"हो," मी म्हणालो. "सांभाळून घेणारी."

"बाकीचा परिच्छेद मना लागला नाय, लय अवघड हाय. पन ह्यो शब्द कळला. रातचं झोप नाय लागली की मी ह्याच्यापर्यंत वाचते आनि ठेवते." त्यांनी मग संकोचून विचारलं, "तूच लिवलास ना? एवढं इंग्लिश दुसऱ्या कोनाचं नाय."

मी मान हलवली. कोणत्या अर्थानं ते मलाही सांगता येणार नाही, पण त्यांना ती होकाराची दिसली.

"मना वाटलंच," मॅडम म्हणाल्या. त्यांनी कागद मांडीवर घेतला, डिक्शनरी त्याच्याखाली धरली आणि पेन्सिलनं त्या शब्दाशेजारी, समासात, सावकाश माझं नाव लिहिलं. इंग्रजीत, आडनावासकट. मग कागद माझ्याकडे फिरवला.

"स्पेलिंग बरोबर हाय?"

मी वाचलं. बरोबर होतं. तसं त्यांना सांगितलं.